दोष डोळ्यांचाच आहे

१० जानेवारी

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाहीये, पण हातपाय शाबूत आहेत. घरी फोन केला की आई उचलते, आणि तुझा फोन कुठे असतो हे तुलाही ठाऊक नसतं, म्हणून दुकानाच्या पत्त्यावर लिहितेय. वाचून झालं की फाडून टाक. आईला यातलं अवाक्षरही कळता कामा नये.

मामा, माझा नेम गेलाय.

तुला बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही. रागावू नकोस, मागच्या सामन्याला तू टीव्हीसमोर बसून समोरच्या टीमसाठी टाळ्या पिटत होतास, आईनेच सांगितलं. म्हणून पहिल्यापासून सांगते. टीममध्ये कुणी उड्या मारतं, कुणी धक्के देतं, कुणी धक्के खातं. माझं काम एकच. मी शूटर. लांबच्या रेघेबाहेर उभं राहायचं आणि चेंडू हातात आला की रिंगमध्ये टाकायचा. पगार त्याचाच. आणि हल्ली माझा चेंडू रिंगवर बसतो, आत डोकावतो आणि बाहेर येतो, भाड्याची खोली बघायला आल्यासारखा.

त्यात आमच्या कोच मॅडम. मी चेंडू टाकला रे टाकला की त्यांचं तोंड बघावं. डोळे बारीक, नाक वर, ओठ मुरडलेले. एरंडेल प्यायल्यासारखं. चेंडू अजून हवेत असतो बरं का! म्हणजे हिच्याच्याने होणार नाही हे आधीच ठरलेलं. आणि आत गेला तरी तेच तोंड! मग सहायकाच्या कानाला लागून काहीतरी पुटपुटतात, तो मान हलवतो. माझ्याबद्दलच असणार, दुसरं काय? पूर्वार्धात आमची रिंग आमच्या बाकापासून लांब, पार पलीकडच्या टोकाला असते. तेव्हा तर त्या पुढे वाकून वाकून तोंडं करतात. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, रिंग बाकाजवळ येते, तेव्हा चेहरा जरा माणसात येतो. पण तोवर मी गार पडलेली असते.

मार्चअखेर माझा करार संपतो. एक नवी मुलगी चाचणी देऊन गेलीये, तिचा हात बघून मलाच टाळी वाजवावीशी वाटली. मॅडमनी माझं नाव खोडलं तर मी घरी. घरी म्हणजे आईच्या "मी तेव्हाच सांगत होते"समोर. मला खेळायचंय रे मामा, दुसरं काही येतच नाही मला.

दुकानामागच्या भिंतीवर ती रिंग तूच ठोकून दिली होतीस. तेव्हा मी असं काय करायचे जे आता करत नाही? चांगला शूटर नक्की होतो कशाने?

तुझी,
शिडी

१७ जानेवारी

चि. शिडीस मामाचे भरपूर आशीर्वाद.

पत्र मिळालं. मिळाल्या मिळाल्या वाचणार होतो, पण चष्मा सापडेना. चष्म्याच्या दुकानात बसून मी चष्मा शोधतोय आणि गिऱ्हाईक हसतंय. शेवटी त्यानेच सांगितलं, कपाळावर आहे.

आता मुद्द्यावर येतो. तू एवढं पानभर लिहिलंस, पण मला दुसऱ्या ओळीतच कळलं. दोष डोळ्यांचा आहे.

हसू नकोस. या धंद्यात माझे केस पांढरे झाले आणि मग गेलेही. माणसं येतात, म्हणतात गुडघा दुखतो. मी म्हणतो, डोळे तपासा. पायरी दिसत नाही म्हणून गुडघा आपटतो. एकीचं नवऱ्याशी पटेना. चष्मा दिला. नंतर म्हणाली, आता तर अजिबात पटत नाही, पण का पटत नाही ते स्पष्ट दिसतं. नेम म्हणजे तरी काय? डोळा सांगतो, हात ऐकतो. डोळाच चुकीचं सांगत असेल तर बिचाऱ्या हाताला का बोल लावायचा?

तुझ्या त्या मॅडमचं सोड. जगात वाकडी तोंडं खूप, आपण आपली नजर सरळ ठेवावी.

सोबत अक्षरांचा तक्ता घडी घालून पाठवतोय. भिंतीला लाव, पलीकडच्या भिंतीला टेक, एक डोळा झाक आणि वाच. कुठवर वाचता येतं ते खरं खरं कळव.

आईची काळजी करू नकोस. तुझं पत्र अशा जागी ठेवलंय की ते मलाही सापडायचं नाही.

तुझा,
मामा

२५ जानेवारी

प्रिय मामा,

तक्ता लावला. खोलीतली मैत्रीण छडी घेऊन उभी राहिली. मी सगळ्या ओळी वाचल्या, दोन्ही डोळ्यांनी. अगदी खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, तेही वाचलं. माझे डोळे घारीसारखे आहेत रे. टीमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलंय.

हाताचंही सगळं तपासून झालं. इथे एक गुरुजी आहेत, ते फक्त नेमबाजीच शिकवतात. कोपर चेंडूच्या बरोबर खाली हवं, चेंडू तळव्यावर नाही, बोटांच्या टोकांवर हवा, सुटताना मनगट असं पडायला हवं की उंच फडताळातल्या बरणीत हात घातलाय. कॅमेरा लावून त्यांनी माझा हात हळूहळू चालवून बघितला आणि म्हणाले, "पोरी, हा हात मी बाकीच्यांना शिकवायला दाखवतो." सरावात चेंडू मुकाट आत जातो. सामन्यात मात्र माझा हात कुणी उसना नेतं.

मग मी आजीला विचारलं. आजी म्हणजे आमच्या टीममधली सगळ्यांत जुनी खेळाडू, चाळिशीला टेकलीये, सगळे तिला आजीच म्हणतात. ती पायाला पट्टी गुंडाळत म्हणाली, "हात सगळ्यांचे सारखेच गं. शूटर तो, जो चुकलेला चेंडू विसरतो आणि पुढचा मागतो."

आता सांग, मी कशी विसरू? मी आईची मुलगी! शेजारणीने नेलेली किसणी परत करताना धुतली नव्हती, हे ज्या बाईच्या आजही लक्षात आहे, तिची मी मुलगी. मला चुकलेला प्रत्येक चेंडू आठवतो, आणि त्यामागे मॅडमचं ते तोंड आठवतं. परवा तर मी एका खेळाडूच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले, म्हणजे माझ्याकडे पास यायलाच नको. आजीच्या ते लक्षात आलं. मला तिच्याकडे बघवेना.

काहीतरी कर ना मामा.

शिडी

२ फेब्रुवारी

चि. शिडीस आशीर्वाद.

तक्त्याची शेवटची ओळ आजवर कुणीही वाचलेली नाही, मीसुद्धा नाही. म्हणजे तू पाठ केलीस. छापखान्याचं नाव तर मला आत्ता तुझ्याकडून कळलं. तुमचे डॉक्टर गुडघे बघणारे, त्यांनी डोळ्यांबद्दल बोलू नये. मी कधी कुणाच्या गुडघ्यात नाक खुपसलंय का?

तेव्हा वाद नको. सोबत चष्मा आहे. लांबचा हलकासा नंबर, माझ्या अंदाजाने काढलेला. आमचे निवृत्त जजसाहेब, त्यांचाही नवा वाचायचा चष्मा आजच घरी पाठवायचा होता. दोन्ही डब्या एकाच बैठकीत बांधल्या आणि एकाच फेरीत पोचत्या केल्या. या वयातही कामाचा उरक बघ.

त्या आजीबाईंचं म्हणणं मात्र मला एकदम पटलं. विसरणं हीच जर विद्या असेल, तर आपल्या घराण्यात खरा शूटर मी. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी तो तावातावाने उरलेलं भांडायला आला, तर मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि विचारलं, "यापूर्वी कधी आला होतात का?" बिचारा फ्रेम घेऊन गेला. मला वेळेवर कुणी चेंडू दिला असता तर आज तू मला पत्रं लिहून सल्ले दिले असतेस.

चष्मा लाव आणि कळव.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

काय केलंस रे तू हे!

चष्मा लावून मैदानात उतरू देईनात, पंचांनी काढायला लावला. म्हटलं, तुझा मान राखायचा म्हणून बाकावर तरी लावून बसावं. लावला, आणि सगळं धुकं! पलीकडची रिंग गेली, गुणफलक गेला, आणि बाकाच्या त्या टोकाला बसलेल्या मॅडमच्या तोंडाचा झाला कणकेचा गोळा. डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

माझी पाळी आली तेव्हा चष्मा काढून आत गेले आणि मनाला बजावलं, बाकाकडे बघायचं नाही, तिकडे धुकं आहे. पहिला चेंडू चुकला. बघितलं नाही. दुसरा आत! तिसरा आत! आजीने लांबूनच मूठ दाखवली. पुढच्या सामन्यातही तेच. आम्ही अंतिम सामन्यात पोचलोय मामा. तो जिंकलो, मी नीट खेळले, तर करार वाढेल असं सगळे म्हणतायत.

एकच विचारायचं होतं. तू लांबचा नंबर म्हणालास, पण यातून लांबचं काहीच दिसत नाही. पण राहू दे. चष्मा उत्तम आहे.

तुझी लाडकी,
शिडी

२३ फेब्रुवारी

चि. शिडीस अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

मी काय म्हणत होतो? दोष कशाचा आहे म्हणत होतो? पहिलं पत्र काढून वाच.

लांबचं दिसत नाही याची चिंता नको. डोळे सवयीला लागत असतात, चांगलं लक्षण आहे. मी दुकानाबाहेर नवी पाटी लावलीये. "खेळाडूंच्या नेमाचा हमखास इलाज." रंगारी विचारत होता, कुठले खेळाडू? मी म्हटलं, तू रंगव.

तुझी आई पाटी बघून म्हणाली, कोण खेळाडू येतो रे तुझ्याकडे? मी म्हटलं, येतील. तिला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

धंद्यात मात्र काही माणसांचं समाधान करणं कठीण. जजसाहेब परत आले होते. म्हणे, नव्या चष्म्याने पेपरमधलं एक अक्षर लागत नाही. मी समजावलं, साहेब, हल्ली छपाईच घसरलीये. तर म्हणतात, मग जुन्या चष्म्याने कशी लागते? जन्मभर उलटतपासण्या ऐकल्या की माणूस असा होतो.

अंतिम सामन्याला चष्मा पुसून ने.

मामा

४ मार्च

शिडे,

आशीर्वाद शेवटी देते, आधी वाच.

तुझं सगळं मला कळलंय. तुझा मामा म्हणजे विश्वासाचा माणूस. त्याने तुझं पहिलं पत्र जपून कुठे ठेवलं असेल? जजसाहेबांच्या चष्म्याच्या डबीत, चष्म्याखाली, फडक्याऐवजी. काल जजसाहेब ते परत द्यायला आले. म्हणाले, "नव्या चष्म्याने हे वाचता आलं नाही, म्हणून खासगी आहे हे कळलं नाही. जुन्या चष्म्याने वाचायला घेतलं, तोवर शेवट आला होता." वर निकालही देऊन गेले. म्हणाले, मुलीची तक्रार खरी वाटते, पण एकतर्फी आहे. त्या कोचबाईंना कुणी विचारलंय का, की बाई, तुम्ही तोंड का करता?

मग मी मामाकडून तुझी बाकीची पत्रं काढून घेतली आणि दोन्ही डब्यांचा हिशोब लावला. तुझ्याकडे आहे तो जजसाहेबांचा पेपर वाचायचा चष्मा. त्यातून लांबचं दिसेलच कसं! तुझा मामा तेव्हापासून मान खाली घालून जेवतोय. सांगावं की सांगू नये, सांगितलं तर पोरीचा नेम जाईल, या काळजीने त्याने पाटीवर चादर टाकलीये. मी म्हटलं, सांगायचं. माझी मुलगी धुक्याच्या भरवशावर खेळणार नाही.

तू माझ्यावर गेलीस, विसरत नाहीस, म्हणून रडतेस. अगं, मग सगळंच आठव ना. मागच्या भिंतीवर खेळताना तू शेजारची काच फोडलीस. मी ओरडत बाहेर आले, शेजारीण ओरडत बाहेर आली. तू आमच्या दोघींकडे बघितलंस, भोकाड पसरलंस, आणि रडत रडत पुढचा चेंडू टाकलास. आमच्यादेखत! तो आत गेला की नाही ते मात्र मला आठवत नाही, आणि मला आठवत नाही असं कधी झालंय का?

करार नाही वाढला तर सरळ घरी ये. "मी तेव्हाच सांगत होते" असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी एकदाच म्हणेन.

आता आशीर्वाद.

आई

१५ मार्च

प्रिय आई आणि प्रिय मामा,

हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचा, आणि मामा, चष्मा कपाळावर आहे.

आईचं पत्र सामन्याच्या सकाळी मिळालं. लगेच तो चष्मा लावून पेपर उघडला. बारीकसारीक जाहिरातीसुद्धा काय सुंदर दिसल्या! चष्मा खोलीवरच ठेवला आणि गेले.

पूर्वार्ध. दोन चेंडू टाकले, दोन्ही चुकले. या वेळी मी मुद्दाम बाकाकडे बघितलं. तेच तोंड, एरंडेलाचं. मॅडमनी मला बाहेर काढलं. संपलं सगळं, म्हटलं.

त्या दिवशी सहायक तापाने पडलेला. त्याची खुर्ची मोकळी. मॅडम म्हणाल्या, "तू इथे बस." मी त्यांच्या शेजारी बसले, शिक्षा झाल्यासारखी. तेवढ्यात आजीने पलीकडच्या टोकाला लांबून चेंडू टाकला. मॅडम पुढे वाकल्या. डोळे बारीक, नाक वर, ओठ मुरडलेले. अगदी तेच तोंड, आजीसाठी! आणि माझ्या कानाला लागून म्हणाल्या,

"गेला का गं?"

मी रिंग सोडून त्यांच्याकडे वळले.

"गेला का? सांग ना लवकर!"

"गेला, मॅडम," मी म्हटलं. "तुम्हाला... दिसत नाही?"

"हळू बोल! बाहेर कळलं तर म्हणतील, आंधळीला कोच केलंय."

मामा, म्हणजे इतके महिने त्या सहायकाला हेच विचारत होत्या! मी तिथेच जजसाहेबांचा सल्ला मानला आणि विचारून टाकलं, की मग माझ्या वेळी ते तोंड इतका वेळ का टिकतं? त्या म्हणाल्या, "बाकीच्या टाकल्यावर उड्या मारतात, नाहीतर कपाळाला हात लावतात, त्यावरून कळतं. तू टाकून खांबासारखी उभी राहतेस. काय अंदाज घ्यायचा माणसाने? तुझाच चेंडू बघायला मला सगळ्यांत आवडतो, आणि नेमका तोच दिसत नाही."

मला हसू आवरेना. आणि रडूही. आई, काच फुटल्यावर तू बघितलंस ना, तसंच तोंड झालं असणार माझं.

उत्तरार्धात मॅडमनी मला आत पाठवलं. पहिला चुकला. दुसरा चुकला. दोन्ही मला अजून जसेच्या तसे आठवतायत, विसरायची काही गरजच पडली नाही. मी हात वर करून तिसरा मागितला. आजीने दिला. आत! मग माझा हात सुटला तो सुटलाच. आम्ही मागे होतो ते बरोबरीला आलो. शेवटच्या क्षणाला पुन्हा एका गुणाने मागे होतो. चेंडू आजीकडे होता, तिला मोकळी वाट होती, तरी तिने मान वळवून मला शोधलं आणि माझ्याकडे फेकला. मी टाकला. रिंगवर बसला, आत डोकावला.

बाहेर आला.

हरलो. मी तिथेच जमिनीवर बसले. मॅडम माझ्याकडे आल्या, चेहरा साधा, माणसाचा. मी म्हटलं, "नाही गेला, मॅडम."

"ही रिंग बाकाजवळची. दिसलं मला," त्या म्हणाल्या. "आणि दोन चुकल्यावर हात वर करून तिसरा मागणारी मुलगीही दिसली. हात खूप जणींना असतो. उद्या ऑफिसात ये, सही करायची आहे."

दोन वर्षांचा करार झाला, आई! मी येत नाहीये घरी. म्हणजे सुट्टीत येईन, तेव्हा ते एकदा काय म्हणायचं ते म्हणून घे.

मामा, मॅडमना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. नंबराची चिठ्ठी सोबत आहे. लांबचाच, आणि चांगला जाडजूड. चष्मा तूच बनव. जजसाहेबांचा परत पाठवतेय, त्यांना माझा नमस्कार सांग. आणि पाटीवरची चादर काढ.

तुमची,
शिडी

२२ मार्च

चि. शिडीस मामाचे आशीर्वाद.

चादर काढली. रंगाऱ्याला बोलावून "खेळाडूंच्या" पुढे "व कोचांच्या" एवढं घालून घेतलं. जजसाहेबांनी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि छपाई सुधारल्याचं मान्य केलं. तुझी आई पत्र वाचून आतल्या खोलीत गेली ती बराच वेळ आलीच नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, कांदा चिरत होते. कांदा स्वयंपाकघरात होता.

मॅडमचा चष्मा सोबत पाठवतोय. पैसे घेणार नाही. ज्या बाईने न बघता माझ्या भाचीवर विश्वास टाकला, तिने बघून टाकावा एवढीच इच्छा.

पण एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती तुम्ही सगळे सोयीस्कर विसरताय. दोष डोळ्यांचा आहे, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. कुणाच्या डोळ्यांचा, हे तू विचारलं नाहीस.

मामा

(शिडे, हे पार्सल मी स्वतः बांधलंय. डबी उघडून दोनदा बघितली. मॅडमनी लावला की आधी त्यांना तुझा एक चेंडू दाखव. आत नाही गेला तरी चालेल. आई)